हार्नेस फ्लॅट केल्यावर क्लिप आणि बॅकशेल गायब का होतात, आणि ते ड्रॉइंगवर कसे टिकवायचे

प्रश्न असा आहे: थ्रीडीमध्ये हार्नेसवर (वायरींच्या बांधलेल्या जुडग्यावर) बॅकशेल (कनेक्टरच्या मागचं कवच), क्लिप, हीट श्रिंक बूट (तापवल्यावर आकसणारं आवरण), ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) सगळं नीट बसवलं आहे. फ्लॅटन केलं, म्हणजे ड्रॉइंगसाठी हार्नेस सपाट पसरवला, की कनेक्टर आणि बंडल येतात, बाकीचे भाग एकतर येतच नाहीत किंवा शीटवर कुठेतरी तरंगत राहतात. हे सगळे भाग फ्लॅट ड्रॉइंगवर कसे दाखवायचे? शिवाय डस्ट कॅपसारखे सुटे भाग दाखवायचे की नाही?

बहुतेक जण याचं उत्तर सेटिंगच्या डायलॉगमध्ये शोधायला लागतात. मीही सुरुवातीला तेच केलं आणि बरेच दिवस घालवले. पण मूळ दुखणं वेगळं आहे. फ्लॅटन करताना सॉफ्टवेअर थ्रीडीतली जागा सोडून देतं. हातात उरतो तो फक्त हार्नेसचा सांगाडा: नोड (फाटे फुटतात ते बिंदू), दोन नोडमधली लांबी (सेगमेंट) आणि टोकांना लागलेले कनेक्टर. ज्या भागाचा पत्ता या सांगाड्यावर लिहिलेला आहे, म्हणजे ‘या कनेक्टरच्या मागे’ किंवा ‘या सेगमेंटवर नोडपासून १४० मिमीवर’, तो भाग फ्लॅटमध्ये टिकतो. ज्याचा पत्ता ‘ब्रॅकेटच्या भोकाशी कॉन्सेंट्रिक’ (एकाच मध्यावर) असा आहे, त्याला फ्लॅटमध्ये घरच नाही. ब्रॅकेट तिथे नाही, मग क्लिप तरी कुठे राहणार?

आधी निदान करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. असेंब्लीची एक प्रत काढा आणि हार्नेस सोडून बाकी सगळं सप्रेस (तात्पुरतं बंद) करा. चॅसिस, पॅनेल, ब्रॅकेट, सगळं. आता ज्या अ‍ॅक्सेसरींचे (क्लिप, बॅकशेल वगैरे जोडभागांचे) मेट, म्हणजे एका भागाला दुसऱ्याशी बांधणारे संबंध, तुटतील किंवा ज्या मोकळ्या होऊन हलतील, त्याच फ्लॅटमध्ये त्रास देणार आहेत. त्यांची यादी करा. खरं काम तेवढंच आहे.

वाहन उद्योगात हार्नेसचा डेटा एकमेकांना देण्यासाठी केबीएल नावाचा फॉरमॅट वापरतात, व्हीडीए (जर्मन वाहन उद्योगाची संघटना) ४९६४ या शिफारशीतला. तो कसा रचला आहे हे पाहिलं तेव्हा मला हा सगळा विषय पहिल्यांदा नीट उमगला. त्यात अ‍ॅक्सेसरी ज्या भागावर बसते त्या भागाचा संदर्भ देता येतो. क्लिपसारख्या फिक्सिंगला सेगमेंटवरचं स्थान असतं. टेप किंवा ट्यूब असेल तर सेगमेंटवर सुरुवात आणि शेवट असा पट्टा असतो. कॅव्हिटी प्लग आणि कॅव्हिटी सील हे वेगळेच प्रकार, कारण ते थेट पिनच्या भोकाशी बांधलेले. तुमचं सॉफ्टवेअर कोणतंही असो, अ‍ॅक्सेसरींकडे याच नजरेने बघा: टोकाची, मधल्या अंगावरची, आणि जिचं चित्र काढून काही साधत नाही अशी.

आता टोकाच्या भागांबद्दल. बॅकशेल, वेज लॉक (आतले टर्मिनल अडकवून ठेवणारी पाचर), बूट हे थेट कनेक्टरला मेट करा, तेही कनेक्टरच्या लायब्ररी असेंब्लीतच. हाउसिंग (कनेक्टरचं मुख्य अंग), बॅकशेल आणि वेज मिळून एक छोटी सब-असेंब्ली केली की फ्लॅटन करताना कनेक्टर जिथे जाईल तिथे ती अख्खी जाते. मात्र प्रत्येक कनेक्टरसाठी अशी सब-असेंब्ली करत बसू नका. एकाच हाउसिंगला तीन प्रकारचे बॅकशेल लागत असतील, तर लायब्ररी फुगते आणि चुकीची उचलली जाते. जोडी ठरलेली असेल तिथेच सब-असेंब्ली करा. इतर ठिकाणी हाउसिंग वेगळं ठेवून बॅकशेल हार्नेसच्या असेंब्लीत मेट करा.

९० अंशाच्या बॅकशेलवर जरा थांबून बोलते, कारण सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. समजा, राउट (बंडलचा थ्रीडीतला मार्ग) हाउसिंगच्या मागच्या तोंडापासून सुरू होतो आणि बॅकशेल त्यावर नुसता चढवलेला आहे. थ्रीडीत बंडल बॅकशेलच्या कोपरातून वळून बाहेर पडतं, छान दिसतं. फ्लॅटन केलं की तेच बंडल सरळ होतं आणि बॅकशेलची भिंत भेदून बाहेर येतं. बघणाऱ्याला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. खरं तर राउटला तिथे कोपर आहे हे कोणी सांगितलेलंच नाही. उपाय असा की बॅकशेलच्या बाहेर पडणाऱ्या तोंडावर त्याचा स्वतःचा राउट पॉइंट द्यायचा आणि बंडल तिथून सुरू करायचं. आतली वायर किती, ते लायब्ररीतल्या भागावर ठरलेली वाढ म्हणून नोंदवायचं.

ही नोंद राहिली तर माप कसं चुकतं ते पाहा. हाउसिंगच्या मागच्या तोंडापासून पहिल्या नोडपर्यंत बंडल ४२० मिमी आहे आणि सरळ बॅकशेल त्यातले ३८ मिमी झाकतो. ड्रॉइंगवर बॅकशेल नुसता वरून चिकटवला आणि माप त्याच्या कडेपासून घेतलं, तर ते ३८२ यायला हवं. एकाने ४२० हे हाउसिंगपासून धरलं आणि दुसऱ्याने बॅकशेलच्या कडेपासून, तर ब्रँच ३८ मिमी लांब होते. म्हणून प्रत्येक प्रकारच्या टोकासाठी माप कुठून घ्यायचं ते शीटवर एका छोट्या आकृतीत दाखवा. शब्दांत लिहू नका, आकृतीच काढा. ‘कनेक्टरपासून’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो.

मधल्या अंगावरचे भाग, म्हणजे क्लिप, टाय, ग्रोमेट, लेबल, ट्यूब. इथे नियम एकच: राउट त्या भागातून गेला पाहिजे. शेजारून गेलेला चालत नाही. सॉलिडवर्क्सच्या राउटिंगमध्ये क्लिपला तिचा अ‍ॅक्सिस दिलेला असावा लागतो आणि राउट त्या क्लिपमधून नेलेला असावा लागतो. शिवाय ती क्लिप राउटच्या सब-असेंब्लीत असली पाहिजे. मुख्य असेंब्लीत टाकलेली क्लिप फ्लॅटन केलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये येत नाही, कारण ते कॉन्फिगरेशन राउट सब-असेंब्लीचं असतं. ‘क्लिप गायब झाली’ या तक्रारीमागे मला बहुतेक वेळा हेच सापडतं. फ्लॅटन करताना प्रकार कोणता निवडला तेही तपासा. अ‍ॅनोटेशन प्रकार समजावून सांगण्यासाठी आहे, त्यातल्या चित्रावर पट्टी ठेवून मोजायचं नसतं. १:१ बोर्डासाठी, म्हणजे ज्यावर खऱ्या मापात हार्नेस बांधतात त्या फळ्यासाठी, मॅन्युफॅक्चरिंग प्रकार घ्यायचा.

कॅटिया व्ही५ मध्ये गोष्ट आणखी सरळ आहे. तिथे प्रत्येक भागाला इलेक्ट्रिकल ओळख द्यावी लागते: कनेक्टर, बॅकशेल, फिलर प्लग, सपोर्ट वगैरे. नुसतं सॉलिड मॉडेल आणून ठेवलं आणि ही ओळख दिलीच नाही, तर फ्लॅटनिंगच्या लेखी तो भाग नाहीच. इन्व्हेंटरमध्ये नेलबोर्डवर (हार्नेसच्या सपाट ड्रॉइंगवर) कनेक्टर मुळात स्केचसारखे दिसतात. त्यांच्या शेजारी कनेक्टरचा खरा व्ह्यू ठेवता येतो, आणि प्लग, सील, लेबल, लूम (संरक्षक नळी) यांच्यासाठी व्हर्च्युअल पार्टची, म्हणजे भूमिती नसलेल्या भागाची, सोय आहे. क्रिओमध्ये टेप, टाय-रॅप, मार्कर हे कॉस्मेटिक म्हणून थेट हार्नेसवर लावता येतात. त्यांच्यासाठी वेगळी सॉलिड बनवून मेट करत बसायची गरज नाही.

आता जी गोष्ट कोणतंही सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही ती: बंडलभोवतीचा कोन. फ्लॅट चित्रात अंतर टिकतं, पण क्लिपचं बोट (भोकात जाणारा खुंटा) कोणत्या बाजूला आहे ते हरवतं. सुरुवातीच्या काळात मी एका मशीनच्या हार्नेसचं ड्रॉइंग काढलं होतं. प्रत्येक फर-ट्री (दातेरी खुंट्याच्या) क्लिपचं अंतर बरोबर होतं, कोन मात्र कुठेच लिहिला नव्हता. पहिल्या लॉटमध्ये सगळ्या क्लिप एकाच बाजूला बसून आल्या. ऑपरेटरची चूक नव्हती, ड्रॉइंगवर त्या तशाच दिसत होत्या. मशीनवर बसवताना क्लिप भोकात जावी म्हणून माणसं बंडलला पाव पीळ देत होती. एका टोकाला कनेक्टर क्लिपपासून जेमतेम १०० मिमीवर होता. तो पीळ थेट वायर सीलवर जाऊन एका बाजूने दाबत होता. तो कनेक्टर मी हातात घेऊन उघडला, तेव्हा सीलचं एक भोक लांबट झालेलं होतं. त्यानंतर कोन लिहिल्याशिवाय माझ्या हातून एकही क्लिप गेलेली नाही.

कोन लिहायची माझी पद्धत घड्याळाची आहे. मुख्य कनेक्टरकडून ब्रँचच्या टोकाकडे बघायचं. बोर्डापासून वर, म्हणजे ऑपरेटरकडे येणारी दिशा १२. मग क्लिपजवळ ‘३’ किंवा ‘९’ एवढंच लिहिलं तरी पुरतं. शीटवर जागा नाही म्हणून ब्रँच दुसरीकडे वळवली तरी हा आकडा बदलत नाही, कारण बघण्याची दिशा ब्रँचच्याच अंगाने आहे. चिन्हंही ठरवून टाका: बोट ३ किंवा ९ कडे असेल तर बाजूला बाण, १२ कडे असेल तर वर्तुळात टिंब, ६ कडे असेल तर वर्तुळात फुली. बाणाचं टोक आपल्याकडे किंवा शेपूट आपल्याकडे, ही खूण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेली असते. कनेक्टरचा की-वे (तो एकाच दिशेने बसावा म्हणून असलेली खाच) आणि वळणाऱ्या बॅकशेलचं तोंड यांनाही याच घड्याळाचे आकडे द्या.

सगळीकडे हा कोन तितकाच महत्त्वाचा नसतो. दोन क्लिपमध्ये दीड मीटर मोकळं बंडल असेल तर पाव पीळ ते सहज पोटात घालतं. कनेक्टर आणि क्लिप यांच्यात एक-दोन वीत अंतर असेल, बंडल जाड असेल किंवा टेपने घट्ट बांधलेलं असेल, तर कोन लिहिणं भागच आहे. अशा ठिकाणी मी कोनाला टॉलरन्सही देते.

क्लिपची खरी भूमिती फ्लॅट व्ह्यूमध्ये दाखवावी का? माझं मत, नाही. १:१ बोर्डावर क्लिपच्या मध्याची रेघ आणि वर सांगितलेली खूण पुरते, कारण तिथे प्रत्यक्षात क्लिप धरणारा होल्डर बसणार असतो. बोर्ड बनवणाऱ्याला होल्डरची जागा आणि दिशा हवी असते, दातेरी खुंट्याचं चित्र नको असतं. वीस क्लिपांची सगळी दातेरी भूमिती दाखवली की शीट काळं होतं आणि फाइल जड होते. कनेक्टरच्या बाबतीत उलट. बाह्यरेषा खरी हवी, म्हणजे ऑपरेटरला कोणता कनेक्टर कुठे ठेवायचा ते आकारावरून कळतं.

ट्यूब आणि टेप यांना सुरुवात आणि शेवट अशी दोन मापं द्या, दोन्ही एकाच संदर्भापासून. कनेक्टरजवळ ट्यूब कुठे थांबते हे फार नीट ठरवा. ती हाउसिंगला टेकवली तर बाहेरच्या ओळीतल्या वायर सीलमध्ये वाकड्या शिरतात. हीट श्रिंक बूट आणि स्लीव्ह थ्रीडीत आणि फ्लॅटमध्ये आकसलेल्या अवस्थेतच दाखवा. २:१ हे प्रमाण व्यासाचं आहे, पण स्लीव्ह लांबीलाही थोडी कमी होते. म्हणून ड्रॉइंगवर बसल्यानंतरची लांबी आणि बीओएमच्या (भागांच्या यादीच्या) ओळीत कापायची लांबी, अशा दोन्ही लिहा. एकच आकडा लिहिला की कापणारा तोच आकडा कापतो आणि स्लीव्ह दोन्हीकडून तोकडी पडते.

टेपचं सॉलिड करू नका. हॅच किंवा वेगळी रेषा द्या आणि प्रकार लिहा: स्पॉट, मोकळी स्पायरल, किंवा अर्धा ओव्हरलॅप. टेप किती लागेल ते मात्र काढावंच लागतं, नाहीतर बीओएममध्ये ‘आवश्यकतेनुसार’ असा निरुपयोगी शब्द येतो. १२ मिमी व्यासाच्या बंडलवर १९ मिमी रुंदीची टेप अर्ध्या ओव्हरलॅपने ३०० मिमी गुंडाळायची आहे असं धरा. प्रत्येक वेढ्याला टेप ९.५ मिमी पुढे सरकते, म्हणजे साधारण ३१.६ वेढे. एका वेढ्याला सुमारे ३८.९ मिमी टेप. एकूण १.२३ मीटर, अधिक सुरुवातीचे आणि शेवटचे जागच्या जागचे वेढे. ३०० मिमीच्या बंडलला चौपट टेप लागते हे ऐकून खरेदी विभागातला माणूस दचकतो. पण एकदा गणित दाखवलं की पुन्हा विचारत नाही.

आता चित्र काढून काही साधत नाही असे भाग. बारा कॅव्हिटीचा (पिनच्या भोकांचा) डॉइश डीटी०६-१२एस कनेक्टर घ्या. त्यात नऊ वायर असतील, तर हाउसिंगबरोबर एक डब्ल्यू१२एस वेज आणि रिकाम्या तीन भोकांसाठी तीन ११४०१७ सीलिंग प्लग लागतात. वेज समोरून दिसतो, प्लग मागच्या सीलमध्ये बुडालेले असतात. फ्लॅट व्ह्यूमध्ये यातलं काहीच वाचता येणार नाही. मी त्या कनेक्टरच्या टेबलातच प्रत्येक कॅव्हिटीची ओळ ठेवते. रिकाम्या कॅव्हिटीच्या ओळीत वायर नंबरच्या जागी प्लगचा पार्ट नंबर येतो. असेंब्ली करणारा टेबल वाचतच खाली जातो, त्यामुळे भोक उघडं राहत नाही. हाउसिंगच्या बलूनला (भाग क्रमांकाच्या वर्तुळाला) मात्र स्टॅक बलून द्या: हाउसिंग, वेज, प्लग, एकाच लीडरवर एकाखाली एक.

हे प्लग बीओएममध्ये व्हर्च्युअल भाग म्हणून आणा, पण संख्या हाताने टाइप करू नका. ती वायर लिस्टमधून निघाली पाहिजे: एकूण कॅव्हिटी वजा भरलेल्या. पुढच्या रिव्हिजनला एक वायर वाढली की प्लग तीनचे दोन होतात, आणि हाताने लिहिलेला ३ तसाच राहतो. उलट वायर काढली तर आणखी वाईट, एक भोक प्लगशिवाय राहतं आणि पाणी तिथूनच आत जातं.

दुसरा सापळा दुहेरी मोजणीचा. वेज लायब्ररीतल्या कनेक्टर असेंब्लीत आहे, आणि कोणीतरी तो व्हर्च्युअल भाग म्हणूनही टाकला आहे. बीओएममध्ये दोन येतात आणि लॉट संपेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. ठरवून टाका: भूमिती असलेला भाग भूमितीतूनच मोजला जाईल, नसलेला व्हर्च्युअलमधून. किट म्हणून येणारा कनेक्टर असेल तर आतल्या भागांची बीओएम रचना फँटम किंवा रेफरन्स (दोन्हींत तो भाग स्वतः यादीत मोजला जात नाही) कुठे लावायची, ते लायब्ररीतच ठरवा, ड्रॉइंगच्या वेळी नाही.

एवढं करूनही एखादा भाग फ्लॅटमध्ये येतच नसेल तर? माझी पहिली पसंती फ्लॅट व्ह्यूशी भांडत न बसण्याला आहे. त्या टोकाची थ्रीडी सब-असेंब्ली घ्या, तिचा वेगळा डिटेल व्ह्यू शीटच्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवा, गरज असेल तर एक्सप्लोडेड, आणि फ्लॅट व्ह्यूमधल्या कनेक्टरला ‘डिटेल सी पाहा’ असा निर्देश द्या. बूट, क्लॅम्प, सील कोणत्या क्रमाने वायरवर ओवायचे हे एक्सप्लोडेड व्ह्यूमध्ये जितकं स्पष्ट दिसतं, तितकं फ्लॅटमध्ये कधीच दिसत नाही. बूट आधी ओवायचा राहिला तर क्रिम्प केलेलं टोक कापून पुन्हा करावं लागतं, म्हणून हा क्रम दाखवणं मोलाचं आहे.

दुसरा मार्ग म्हणजे भागाला खोटा राउट पॉइंट देणं. ग्रोमेटला आत आणि बाहेर असे दोन पॉइंट देऊन त्याला मधून जाणाऱ्या कनेक्टरसारखं वागवायचं. चालतं, पण मग तो कनेक्टर टेबलात आणि फ्रॉम-टू लिस्टमध्ये (कोणती वायर कुठून कुठे जाते त्या यादीत) डोकावतो का ते तपासा. तिसरा मार्ग म्हणजे शीटवर हाताने ब्लॉक ठेवणं. हा मी अगदी नाइलाजाने वापरते, कारण थ्रीडी बदललं, फ्लॅट अपडेट झालं, तरी ब्लॉक जागचा हलत नाही. वापरलाच तर तो वेगळ्या लेयरवर आणि वेगळ्या रंगात ठेवा, म्हणजे प्रत्येक रिव्हिजनला तो लेयर एकटा चालू करून प्रत्येक ब्लॉक तपासता येतो.

१:१ प्रिंट काढणार असाल तर शीटवर आडवी आणि उभी अशी ५०० मिमीची मोजपट्टी छापा आणि बोर्डावर चिकटवण्याआधी स्टीलच्या पट्टीने मोजा. प्लॉटरचा कागद दोन्ही दिशांना सारखा ताणला जात नाही. दोन-तीन मीटरच्या हार्नेसवर हा फरक क्लिपच्या टॉलरन्सच्या बाहेर जाऊ शकतो. होल्डर कागदावरून बसवले असतील तर ती चूक बोर्डात कायमची मुरते.

डस्ट कॅप आणि इतर सुट्या भागांबद्दल. वाहतुकीत कनेक्टरवर लावून पाठवायच्या कॅप बीओएममध्ये हव्यात आणि स्टॅक बलूनमध्येही हव्यात, पण फ्लॅट व्ह्यूमध्ये दाखवू नका. कॅप दाखवली की कनेक्टरचं तोंड आणि की-वे झाकला जातो, आणि त्यावरच तर घड्याळाचे आकडे लिहायचे आहेत. जे भाग हार्नेसबरोबर पिशवीत घालून द्यायचे आहेत, जसे की जास्तीचे टाय किंवा बसवताना लावायची क्लिप, त्यांचं शीटवर वेगळं छोटं टेबल करा. वर ‘हार्नेसवर बसवू नयेत, पिशवीत द्यावेत’ असं स्पष्ट लिहा, आणि पिशवी कोणत्या ब्रँचला बांधायची तेही त्याच टेबलात नोंदवा.